चेन बदला म्हणण्याआधी पट्टी दाखवा

सायकल रिपेअरिंगचं दुकान चालवताय? मग "चेन बदलावी लागेल" म्हटलं की गिऱ्हाईक कसं संशयाने बघतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याला वाटतं, हा बिल वाढवतोय. यावर उपाय म्हणजे डोळ्यांना दिसणारं माप.

गिअरच्या माउंटन बाइकची चेन पुसून ताठ करा आणि स्टीलच्या पट्टीची इंचाची बाजू लावा. शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनची तिथून पुढची 24 वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. आता बघा, ती किती पुढे सरकलीय:

1. अर्ध्या सुतापेक्षा (1/16 इंच) कमी: चेन चालू द्या.
2. अर्धं सूत: चेन बदला, कॅसेट बहुतेक वाचते.
3. एक सूत (1/8 इंच): कॅसेटही बहुधा गेली.

असं का होतं? चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिनांचे सांधे झिजतात, म्हणून लांबी वाढते. अशी चेन कॅसेटचे दाते खाते. मग नुसती नवी चेन टाकली, तर चढावर जोर लावताच ती दात्यांवरून सटकते आणि बोल तुम्हालाच लागतो.

म्हणून माप गिऱ्हाईकासमोर घ्या आणि बिलावर लिहा. "अजून चालेल" असेल तर तसंच सांगा. आज चेन विकली नाही तरी चालेल. पुढच्या वेळी तुमचा शब्द तो पट्टीशिवायही मानेल.