‘१/८’ लिहिलंय म्हणून लगेच टॅप मारू नका! गेजच्या सेन्सरचे आटे ओळखायचे कसे?



मागच्या व्हिडिओत आपण ऑईल प्रेशर आणि टेंपरेचर गेजचं वायरिंग बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, सेन्सर भोकात नीट बसत नाही, टॅप मारू का?"

थांबा. आधी आटे ओळखा. टॅप हे सगळ्यात शेवटचं काम आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, खिशातून पैसे घालून शिकलोय.

माझी चूक

दुकान सुरू करून सात-आठ महिने झाले होते. उसाचा सीझन. एका वाहतूकदाराने ट्रॅक्टर आणला, ऑईल प्रेशरचा गेज बसवायचा होता. सेन्सरच्या डबीवर ‘१/८’ लिहिलेलं, इंजिनावरचा प्लगही एक सुताचा, म्हणजे १/८. दोन्ही सारखेच, असं मी धरलं. सेन्सर हाताने दोन आटे गेला आणि घट्ट झाला. मी टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पान्याने आवळला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, इंजिन ऑईलने माखलंय."

नशीब, ड्रायव्हरने वेळेत गाडी बंद केली. ऑईल माझ्या खर्चाने भरलं, बुडालेल्या खेपेचे पैसे दिले. भोकाचे आटे गेले होते. भोवती माल पुरेसा होता म्हणून टर्नरने ते पाव इंची करून आत रिड्युसर बुश बसवून दिला. इंजिन वाचलं, गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही.

चूक कुठे झाली? सेन्सर एनपीटी होता आणि भोक बीएसपी.

एका ‘१/८’ च्या मागे तीन वेगळे आटे

पहिली गोष्ट लक्षात घ्या, पाईपच्या आट्यात १/८ म्हणजे आट्याचं माप नव्हे. ते पाईपच्या जुन्या हिशोबाचं नाव आहे. १/८ इंच म्हणजे सव्वातीन मिलीमीटरच्या आत, पण आट्यावर व्हर्नियर लावला तर १० मिलीमीटरच्या आसपास येतं. आणि त्याच मापाच्या आसपास हे तिघं भेटतात:

- १/८ बीएसपी: इंचाला २८ आटे, आट्याचा कोन ५५ अंश, व्यास साधारण ९.७ मिमी. आपल्याकडच्या जीआय पाईप फिटिंगची हीच जात. टेपर आणि सरळ, दोन्ही प्रकारांत येतो.
- १/८ एनपीटी: इंचाला २७ आटे, कोन ६० अंश, व्यास साधारण १०.३ मिमी. अमेरिकन पद्धत, कायम टेपर.
- एम१०×१: मेट्रिक. व्यास १० मिमी, दोन आट्यांत १ मिमी अंतर. हाही सरळ आणि टेपर दोन्ही मिळतो.

५५ अंशाची पद्धत इंग्लंडच्या व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडली, ६० अंशाची अमेरिकेच्या सेलर्सने १८६४ मध्ये. ते भांडण आजही आपल्या टेबलावर येऊन बसतं.

ओळखायच्या चार पायऱ्या

१. प्लग जपून ठेवा. भोकाच्या आतले आटे मोजणं अवघड असतं. त्या भोकातून निघालेला मूळ प्लग किंवा जुना सेन्सर हाच तुमचा नमुना. त्यावर गाडीच्या नावाची चिठ्ठी लावा.

२. व्हर्नियर लावा, दोन ठिकाणी. एकदा टोकाच्या आट्यावर, एकदा मुळाशी. माप सारखं आलं तर सरळ, मुळाशी जास्त आलं तर टेपर. बीएसपी आणि एनपीटी दोन्हीत टेपर १ ला १६ असतो, म्हणजे ८ मिमी लांबीत अर्धा मिमी फरक. म्हणूनच टेपर आट्याच्या नुसत्या व्यासावर निकाल देऊ नका. तुम्ही कुठे मोजलं त्यावर आकडा बदलतो.

३. पिच गेज लावा. व्यास साईज सांगतो, पिच जात सांगते. २७ आणि २८ मधला फरक डोळ्याला दिसत नाही. गेजचं पान आट्यात बसवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर ते पान चुकीचं. ५५ आणि ६० अंशाचे पिच गेज वेगळे येतात, दोन्ही घ्या.

४. नमुन्याशी दात जुळवा. टर्नरकडून किंवा खात्रीच्या दुकानातून तिन्ही जातींचे एकेक पितळी प्लग आणा आणि त्यावर नाव कोरून घ्या. अनोळखी सेन्सर त्या प्लगला बाजूने टेकवा. शेवटपर्यंत दात दातात बसले तर जात जुळली. दोन-चार आट्यांनंतर दात चढायला लागले तर नाही.

मोठ्या साईजमध्ये अजून एक फसवणूक आहे. अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी, दोघांनाही इंचाला १४ आटे. तिथे कोन आणि व्यास बघितल्याशिवाय सुटका नाही.

जात जुळली नाही, मग?

पहिला पर्याय अ‍ॅडॉप्टर. इंजिनाच्या बाजूचे आटे भोकाचे, दुसऱ्या बाजूचे सेन्सरचे. तयार मिळाला नाही तर टर्नरकडून पितळेचा करून घ्या. मूळ ऑईल स्विचही ठेवायचा असेल तर टी वापरा. पण जड सेन्सर लांब टीवर लटकवू नका, इंजिनाच्या थरथरीने फिटिंगला तडा जातो. होज घेऊन सेन्सर ब्रॅकेटवर बसवा.

टॅप कधी आणि कसा

माझा नियम: जोडलेल्या इंजिनाच्या ऑईलच्या वाटेवर टॅप मारायचा नाही. एक चुरा आत गेला आणि बेअरिंगपर्यंत पोचला की तुमच्या दहा गेजचा नफा गेला. थर्मोस्टॅट हाऊसिंगसारखा भाग मात्र सोडवून बाकावर घेता येतो. तिथे असं करा:

- भिंतीची जाडी बघा. पातळ पत्र्यासारख्या भिंतीत आटे धरत नाहीत, तिथे आधी बॉस वेल्ड करून घ्या.
- आधी बारीक ड्रिल, मग शेवटचा. १/८ च्या टेपर आट्याला, बीएसपी असो वा एनपीटी, ८.५ मिमी. सरळ १/८ बीएसपीला ८.८ मिमी. एम१०×१ ला ९ मिमी.
- टॅप काटकोनात धरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल किंवा कटिंग ऑईल द्या. मध्ये मध्ये टॅप काढून चुरा साफ करा.
- टेपर टॅप आरपार घालू नका. जितका आत जाईल तितकं भोक मोठं होतं. दोन फेरे मारा, टॅप काढा, सेन्सर लावून बघा. हाताने तीन-चार आटे गेला की थांबा. उरलेलं पान्याने, दीड-दोन फेरे. अ‍ॅल्युमिनियमला जास्त जोर दिला तर हाऊसिंग तडकतं.
- टेंपरेचरच्या सेन्सरचं टोक पाण्याच्या प्रवाहात बुडलं पाहिजे, समोरच्या भिंतीला टेकता कामा नये.

टेप आणि अर्थिंग

एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होतं. टेपचे थरावर थर दिले तर अर्थ तुटतो आणि गेज खोटं बोलतो. थोडा लिक्विड सीलंट बरा. टेप लावलीच तर पहिले दोन आटे मोकळे ठेवा, म्हणजे तुकडे ऑईलमध्ये जाणार नाहीत. होजवर बसवलेल्या सेन्सरला अर्थची वेगळी वायर द्या. आणि गेज व सेन्सरचे ओहम जुळतात का तेही बघा. १०-१८० चा गेज आणि २४०-३३ चा सेन्सर ही जोडी कधीच खरं सांगणार नाही.

आता धंद्याचं बोलू

नवीन मुलं गेज विकून मजुरी ‘ॲडजस्ट’ करतात. असं करू नका. समजा टॅप आणि ड्रिलला १,५०० रुपये गेले आणि टॅप ५० भोकं चालला, तर एका भोकामागे ३० रुपये नुसती हत्याराची झीज. त्यावर तुमचा वेळ, सीलंट, टर्नरची फेरी आणि जोखीम. हे सगळं बिलात वेगळ्या ओळीत लिहा.

एक वही ठेवा: इंजिनाचं मॉडेल, भोक कुठे, कोणते आटे, कोणता अ‍ॅडॉप्टर लागला. वर्षभराने तीच वही तुमचं भांडवल होते. तेच इंजिन परत आलं की तुमचा अर्धा तास वाचतो.

आणि शंका असेल तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा, "उद्या टर्नरला दाखवून करतो." एक दिवस उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक रागावेल, पण परत येईल. माझं ते ट्रॅक्टरवालं आलं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: दुकानात पडलेले पाच जुने प्लग किंवा सेन्सर घ्या. व्यास, पिच आणि टेपर मोजून वहीत लिहा, मग शेजारच्या टर्नरकडून तपासून घ्या. पाचपैकी पाच बरोबर येईपर्यंत टॅप विकत घेऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!