गंभीर व्याधी, रुग्णाची श्रद्धा आणि वैद्याचे कर्तव्य

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांतील अनेकांचा मुक्काम दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. प्रभादेवीचा सिद्धिविनायकही फार दूर नाही. तपासणी आणि देवदर्शन एकाच फेरीत उरकणारे हे रुग्ण पुष्कळदा आपल्या चिकित्सालयाची पायरीही चढतात. त्यांच्या श्रद्धेकडे वैद्याने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ११ व्या अध्यायात चिकित्सा त्रिविध सांगितली आहे. मंत्र, होम, नियम, उपवास, प्रणिपात इत्यादी दैवव्यपाश्रय. आहार व औषधद्रव्यांची योजना ही युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. या तिन्हींची गणना एकत्र केलेली असल्याने एकीच्या नावाखाली दुसरी सोडावी, असा अर्थ निघत नाही. ९ व्या अध्यायात रुग्णाचे चार गुण दिले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. आमच्या मते श्रद्धेची परीक्षा याच गुणांवर करावी. जी श्रद्धा रुग्णास निर्भय करते ती चिकित्सेस पोषक होय. जी त्याला औषध सोडावयास किंवा लक्षणे लपवावयास लावते ती घातक होय.

आधुनिक संशोधन

अमेरिकेत पार्गमेंट व सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला (२००१). देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, अशा भावनेने ग्रासलेल्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. याउलट हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील बेन्सन यांच्या अभ्यासात (२००६) परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने उपद्रव कमी झाले नाहीत. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांत ते उलट किंचित अधिक दिसले. तात्पर्य, श्रद्धा व्याधीचे औषध नव्हे. मात्र रुग्ण आपल्या आजाराचा कोणता अर्थ लावतो, याकडे वैद्याचे दुर्लक्ष होता कामा नये.

व्यवहारात

१. ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे शब्द वैद्याच्या तोंडून जाऊ नयेत. कर्मज व्याधीचा विचार शास्त्रचर्चेत योग्य. खाटेवरच्या रुग्णाला त्यातून केवळ अपराधभाव मिळतो.

२. नवस, उपवास, अंगारा, काढे यांची चौकशी न हसता करावी. थट्टा झाली की ज्ञापकत्व संपते.

३. डायलिसिसच्या रुग्णास उपवासाचा बटाटा, रताळे, केळी व शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशांना उपवासाऐवजी जप किंवा नामस्मरणाचा नियम सुचवावा. तोही दैवव्यपाश्रयच आहे.

४. केमोथेरपीने श्वेतकण घटलेले असताना लालबाग-परळच्या गणेशोत्सवातील गर्दी आणि कच्च्या दुधाचे पंचामृत वर्ज्य करावे. दर्शन घरच्या मूर्तीचे घ्यावे.

५. औषधविक्रेत्यांनी कर्करोगाच्या रुग्णास कोणतेही भस्म वा काढा देण्यापूर्वी चालू उपचार विचारावेत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालण्यास सांगावे. कर्करोग, मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार गुन्हा आहे, मग तिच्यावर देवाचे चित्र असो वा नसो.

उपसंहार

व्याधी असाध्य ठरल्यावर युक्तिव्यपाश्रयाची मर्यादा येते. वैद्याची येत नाही. वेदनाशमन, झोप, अन्नाची रुची आणि चार शब्दांचा धीर देणे तेव्हाही हाती असते. अशा वेळी रुग्णाला त्याच्या दैवताचा आधार घेऊ द्यावा, खोटी आशा मात्र देऊ नये. वैद्यबंधूंनी आपल्या केसपेपरवर आहार, निद्रा, मल, मूत्र यांच्या जोडीला ‘श्रद्धा व नियम’ अशी एक ओळ ठेवावी, अशी आम्ही विनंती करतो. त्या एका ओळीने एखादा घातक उपवास वेळीच ध्यानात येईल.