अकरावीचा उंबरठा आणि पालक

(वैचारिक लेख)

प्रस्तावना

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि चार दिवसांतच घराघरांत एक प्रश्न उभा राहतो : पुढे काय? ह्या प्रश्नाचा विचार आपण बहुधा विद्यार्थ्याच्या बाजूने करतो. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, गुण किती लागतील, ह्याच गोष्टींची चर्चा होते. परंतु मुलाबरोबर त्याचे आई-वडीलही एका नव्या टप्प्यावर येऊन पोहोचलेले असतात. त्यांच्या भूमिकेत कोणता बदल व्हायला हवा, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. तुमच्यापैकी काहीजण स्वतः सोळा-सतरा वर्षांचे असतील, तर काहीजण त्या वयाच्या मुलांचे पालक असतील. दोघांनीही हा पाठ वाचावा आणि शक्य असल्यास एकत्र बसून वाचावा.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• अकरावी-बारावीच्या टप्प्याची पार्श्वभूमी सांगता येईल;
• ह्या वयातील मुलामुलींमध्ये होणारे बदल स्पष्ट करता येतील;
• पालकांच्या बदलत्या भूमिकेविषयी स्वतःचे मत मांडता येईल;
• पाठातील शब्दांचा व वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करता येईल.

मूळ पाठ

दहावीनंतरची दोन वर्षे आज आपल्याला स्वाभाविक वाटतात. परंतु ही रचना फार जुनी नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) दहा वर्षांचे शालेय शिक्षण, दोन वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण आणि त्यानंतर तीन वर्षांचे पदवी शिक्षण असा आकृतिबंध सुचवला आणि 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तो स्वीकारला. महाराष्ट्रात पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीच्या अखेरीस होत असे. 1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्याच वर्षी नव्या अकरावीचे वर्ग सुरू झाले. ते काही ठिकाणी शाळांना, तर काही ठिकाणी महाविद्यालयांना जोडले गेले आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' हे नाव रूढ झाले. प्रांत बदलला की नाव बदलते. बेळगावचा मराठी विद्यार्थी 'पीयूसी'ला जातो, हैदराबादचा 'इंटर'ला, गोव्यातला उच्च माध्यमिक विद्यालयात. इंदूर-बडोद्याकडे अकरावी-बारावी शाळेतच असते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. तरीही दहावीनंतर काहीतरी संपले आणि काहीतरी नवे सुरू झाले, ही भावना घराघरांत कायम आहे.

महाराष्ट्रातील नावातच ह्या टप्प्याची सारी ओढाताण सामावली आहे. मुलगा 'महाविद्यालय' ह्या शब्दावर जोर देतो, तर आई-वडील 'कनिष्ठ' ह्या शब्दावर. त्याला वाटते, आपण मोठे झालो. त्यांना वाटते, हा अजून लहानच आहे. खरे पाहता दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर असते. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तो अज्ञानच असतो. पण आपल्या आयुष्याविषयी पहिला मोठा निर्णय त्याला ह्याच काळात घ्यावा लागतो.

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय ह्यांत मोठे अंतर असते. शाळेत वर्गशिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखत असत. गृहपाठ झाला नाही, तर दैनंदिनीत शेरा येत असे. येथे प्रत्येक विषयाला वेगळे प्राध्यापक असतात आणि वर्गही मोठा असतो. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम आहे. परंतु आज तास बुडवला, ही बातमी आज संध्याकाळी घरी पोहोचेलच असे नाही. विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून आलेली, शाळेत नेहमी हात वर करणारी मुलगी येथे पहिले काही महिने मान खाली घालून बसते. तिला विषय कळत नाही असे नसते. उत्तर ठाऊक असते, पण ते सांगायला शब्द सापडत नाहीत. दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्याला पहिल्या चाचणीत पन्नास-साठच गुण पडतात. घरात मात्र लगेच निष्कर्ष निघतो : 'कॉलेजची हवा लागली!'

शरीर आणि मन ह्यांतही ह्या वयात उलथापालथ चालू असते. झोप आणणारे संप्रेरक किशोरवयात रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही. सकाळी लवकर उठणे त्यांना म्हणूनच जड जाते. तो नेहमी आळसच असतो असे नाही. त्यांना रोज आठ ते दहा तासांच्या झोपेची गरज असते. (हातातला मोबाईल मात्र ही झोप आणखी पुढे ढकलतो, हेही खरे.) परिणामांचा विचार करणारा, आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. म्हणून ह्या वयातील मूल एका क्षणी प्रौढासारखे बोलते आणि दुसऱ्या क्षणी क्षुल्लक कारणावरून दार आपटते. ही त्रुटी नसून वाढीचीच एक अवस्था होय.

आता पालकांकडे वळू. दहा वर्षे आईने वही तपासली, पाढे म्हणून घेतले, डबा भरला, शाळेच्या सभेला हजेरी लावली. अकरावीची वही तिच्या हाती आली की त्यातील समीकरणे तिला अनोळखी वाटतात. स्वतः कमी शिकलेल्या पालकाच्या मनात तर त्या क्षणी एक बोच उमटते : आपले मूल आपल्या पुढे गेले. ह्यात आनंद असतो आणि रितेपणही असते. ह्या रितेपणाचे रूपांतर कित्येकदा धाकात होते. अभ्यास तपासता येत नाही, म्हणून वेळ तपासली जाते. वही वाचता येत नाही, म्हणून मोबाईल वाचला जातो. प्रेम तेच असते, फक्त ते पहारा होऊन प्रकट होते. आणि पहारा दिसला की मूल बोलणे आखडते घेते. ह्या वयात सर्वांत मोठी हानी होते ती येथे. संकटात सापडलेले मूल ज्या घरी काही सांगू शकत नाही, त्या घराच्या कडक शिस्तीचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

शाखेची निवड ही ह्या नात्याची पहिली कसोटी. वैद्यकीय शिक्षणासाठी जीवशास्त्र लागते आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांसाठी गणित. म्हणजे सोळाव्या वर्षी निवडलेले विषय पुढच्या कित्येक वाटा उघडतात किंवा बंद करतात. 2025–26 ह्या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर सुरू झाले. त्या अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येत होता. तो क्रम कोणी भरला? मुलाने, वडिलांनी, की शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावरून त्या घरात निर्णय कसे होतात हे कळते. मुलाला विचारलेच नाही, तर अपयश आल्यावर तो म्हणेल, 'तुम्हीच टाकलं होतं मला सायन्सला.' सर्वस्वी त्याच्यावर सोपवले, तर मित्र गेला म्हणून तोही तिकडेच जाईल. पालकाने माहिती गोळा करावी, घरची आर्थिक स्थिती लपवू नये, आपले मत स्पष्ट सांगावे आणि शेवटचा शब्द मुलाचा असू द्यावा. स्वतः घेतलेल्या निर्णयासाठी माणूस अधिक कष्ट करतो, हा अनुभव शेतापासून कारखान्यापर्यंत सर्वत्र येतो.

मुलींच्या बाबतीत हा उंबरठा अधिक उंच असतो. गावात दहावीपर्यंतची शाळा असते. अकरावीसाठी तालुक्याला जावे लागते. पहाटेची एस. टी., थांब्यापर्यंतची पायपीट, हिवाळ्यात परतताना पडणारा अंधार, ह्या अडचणी खऱ्या आहेत. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना महाराष्ट्राच्या एस. टी.चा मोफत पास मिळतो. पण पास असूनही 'इतक्या लांब कशाला?' ह्या एका प्रश्नाने कित्येकींचे शिक्षण थांबते आणि पाठोपाठ लग्नाची बोलणी सुरू होतात. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम, 2006 नुसार अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे. कायदा तिचे लग्न रोखू शकेल. तिला रोज एस. टी.त बसवण्याचे धैर्य मात्र घरानेच दाखवायला हवे. गावातील चार मुलींनी मिळून जावे, सुरुवातीचे काही दिवस वडिलांनी थांब्यापर्यंत सोडावे, गाडी चुकली तर कोणाला कळवायचे हे ठरवून ठेवावे. भीतीवर उपाय शोधता येतो. भीतीपायी मुलीचे शिक्षण बंद करणे हा उपाय नव्हे.

मग पालकांनी धरायचे काय आणि सोडायचे काय? नियम थोडे असावेत, पण पक्के असावेत : रात्री घरी यायची वेळ, कोठे जातो हे सांगून जाणे, वाहन परवान्याशिवाय गाडीला हात न लावणे. कपडे, केस, मित्रांची टोपणनावे, अभ्यासाची वेळ पहाटेची की रात्रीची, ह्या गोष्टी सोडून द्याव्यात. रोज मागेल तसे दहा-वीस रुपये देण्यापेक्षा महिन्याची ठरावीक रक्कम एकदम द्यावी. पहिल्या महिन्यात ती पंधरा तारखेलाच संपेल. संपू द्यावी. उरलेले पंधरा दिवस त्याला जे शिकवतील, ते उपदेशाने शिकवता येणार नाही. आणि संध्याकाळी मूल दारात पाऊल टाकते न टाकते तोच 'किती पडले?' असे विचारण्याऐवजी 'आज काय नवीन होतं?' एवढेच विचारावे. त्यावर काही दिवस 'काही नाही, आई' हेच उत्तर येईल. तरीही विचारणे सोडू नये. एखाद्या रात्री जेवण झाल्यावर, भांडी आवरताना, मूल आपणहून बोलू लागेल. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे आणि लगेच उपाय सांगू नये.

सोळाव्या वर्षानंतर मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, हा आपल्याकडील जुना संकेत आहे. तो संकेत मुलग्यांपुरता होता. आज तो मुलींनाही तेवढाच लागू करायला हवा. मैत्री म्हणजे पालकत्वाचा त्याग नव्हे. मित्र चुकेल तेथे 'चुकतोस' असे सांगतो, पण चूक झाल्यावर दार लावून घेत नाही.

अकरावीचे प्रवेश होतात त्याच दिवसांत कोकणात, मावळात भाताची लावणी चालू असते. एका जागी दाट वाढलेली रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात पुन्हा लावली जातात. लावल्यावर काही दिवस ती पिवळी पडतात, माना टाकतात. शेतकरी घाबरून ती पुन्हा उपटत नाही किंवा मुळे धरली की नाही हे पाहण्यासाठी ओढूनही पाहत नाही. तो बांध नीट ठेवतो, पाण्याची पातळी राखतो आणि वाट पाहतो. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत पालकांनी नेमके हेच करायचे असते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या हाती आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमाला वयाची कमाल मर्यादा नाही आणि उत्तीर्ण विषयांचे श्रेय पाच वर्षांच्या नोंदणीकाळात टिकते. ज्या घरात आईही पुस्तक उघडून बसते, तेथे 'अभ्यास कर' हे वाक्य फारसे उच्चारावे लागत नाही. एकाच दिव्याखाली दोघे शिकू लागले की त्यांच्यातील अंतर आपोआप कमी होते. मूल पुढे गेले ह्याची बोच उरत नाही. पुढे गेलेले मूल मागे वळून आईला समीकरण समजावून सांगू लागते.

शब्दार्थ व वाक्प्रचार

आकृतिबंध – आराखडा, ठरवलेली रचना
अज्ञान – (कायद्यात) अठरा वर्षांखालील व्यक्ती
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून स्रवणारे व शरीरव्यापार नियंत्रित करणारे द्रव्य
आवेग – मनाची अनावर ओढ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
चिखलणी – लावणीपूर्वी शेतात पाणी साठवून चिखल करणे
आखडते घेणे – कमी करणे, हात मागे घेणे
मान टाकणे – कोमेजणे, निस्तेज होणे

पाठगत प्रश्न

अ) योग्य पर्याय निवडा.
1. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा ह्या वर्षी झाली – (क) 1966 (ख) 1968 (ग) 1975
2. अकरावीत गेलेल्या मुलीचे वर्गात गप्प राहण्याचे पाठात सांगितलेले कारण – (क) विषयाची नावड (ख) बदललेले माध्यम (ग) प्राध्यापकांचा धाक

आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
1. पालकांच्या मनातील रितेपणाचे रूपांतर कशात होते?
2. लावणीनंतर शेतकरी रोप ओढून का पाहत नाही?

स्वाध्याय

1. 'मुलगा महाविद्यालय ह्या शब्दावर जोर देतो, तर आई-वडील कनिष्ठ ह्या शब्दावर', ह्या विधानाचा आशय स्पष्ट करा.
2. शाखेच्या निवडीत पालकांचा वाटा किती असावा? तुमचे मत सकारण लिहा.
3. भाताच्या लावणीच्या दृष्टान्तातून लेखकाने काय सुचवले आहे?
4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : आखडते घेणे, मान टाकणे, हवा लागणे.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या अकरावीत शिकणाऱ्या मुलाशी अथवा मुलीशी बोला. गेल्या सहा महिन्यांत त्यांना सर्वांत अवघड काय वाटले, ते दहा ओळींत लिहा. ऐकताना सल्ला देऊ नका.

उत्तरे (पाठगत प्रश्न)

अ) 1 – ग, 2 – ख
आ) 1. पालकांच्या मनातील रितेपणाचे रूपांतर कित्येकदा धाकात होते. 2. रोपाला नवी मुळे धरण्यास अवधी लागतो व ओढल्यास ते उपटून येते, म्हणून शेतकरी ते ओढून पाहत नाही.