लिलावाची अतिशयोक्ती : संग्राह्य वस्तूंच्या विक्रयभाषेचा एक विचार

संस्कृत काव्यशास्त्रात अतिशयोक्तीला मानाचे स्थान आहे. भामहाने तिचा संबंध सर्व अलंकारांच्या मुळाशी असलेल्या वक्रोक्तीशी जोडला. मम्मटाने तिचा जो पहिला प्रकार सांगितला, त्यात उपमान उपमेयाला गिळून टाकते. १९९५ साली सुरू झालेल्या 'ईबे'सारख्या संगणकीय लिलावांतील जुन्या नाण्यांची वर्णने वाचताना हे लक्षण आठवते. तेथेही वर्णन उरते आणि नाणे दिसेनासे होते. मात्र या दोन अतिशयोक्ती एकाच जातीच्या आहेत काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

या भाषेला प्रथम माध्यमाने घडविले आहे. 'ईबे'वरील शीर्षक ८० अक्षरांत बसवावे लागते. त्यामुळे क्रियापद गळते आणि विशेषणांची रांग उरते. 'रेअर' हा शब्द तेथे विशेषण असतो, तसाच शोधयंत्राला दिलेला संकेतही असतो. 'लुक' या इंग्रजी शब्दातील दोन 'ओं'च्या जागी 'ॲट'ची चिन्हे घालून विस्फारलेले डोळे काढण्याची रूढी तर लिपीलाच आरोळी द्यायला लावते.

दुसरा विशेष परिभाषेचा. नाण्याची अवस्था १ ते ७० या श्रेणीत मोजण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. आज 'मिंट स्टेट' म्हणजे तीतील ६० ते ७० हा पट्टा. विक्रेता ही संज्ञा झिजलेल्या नाण्यास लावतो, तेव्हा मोजमापाचा शब्द स्तुतीचा शब्द होतो. पण वाचणाऱ्यास तो मोजमापच वाटतो.

तिसरा विशेष सर्वांत सूचक आहे. 'अतिदुर्मीळ' असे गर्जून झाल्यावर खाली 'मी तज्ज्ञ नाही, छायाचित्रे पाहून आपणच ठरवावे' अशा आशयाचे वाक्य येते. प्रतिपादन आणि त्याचा अव्हेर एकाच मजकुरात नांदतात. लाभ विक्रेत्याचा, जोखीम ग्राहकाची, अशी ही वाटणी आहे.

येथेच काव्यातील अतिशयोक्तीशी फारकत होते. मुखाला चंद्र म्हणणारा कवी आणि त्याचा रसिक, दोघेही मर्यादा जाणतात. वाच्यार्थ बाधित होतो, म्हणूनच सौंदर्य प्रतीत होते. लिलावात वाच्यार्थ बाधित न होणे हेच विक्रेत्याला हवे असते. म्हणून पहिली अलंकार ठरते, दुसरी केवळ अवास्तव विधान.

याचे परिणाम भाषेपुरते राहत नाहीत. गुणवत्ता ओळखण्याचे साधन ग्राहकापाशी नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले. शब्दांचेही तसेच घडते. प्रत्येक नाणे 'दुर्मीळ' ठरल्यावर खरोखर दुर्मीळ नाणे बाळगणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्यापाशी शब्दच उरत नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारांत आपले नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. तो गुन्हा अतिशयोक्तीहून वेगळा खरा. परंतु फुगवलेल्या किमतींवर विश्वास ठेवण्याची सवय त्यास उपयोगी पडते.

सारांश, अलंकाराचा विचार शब्दरूपावर थांबवून चालत नाही. वक्ता आणि श्रोता यांच्यातील संकेत कोणता, हेही पाहावे लागते. अलंकार शिकविताना काव्यातील उदाहरणाशेजारी असे एखादे विक्रयवर्णन ठेवल्यास हा भेद विद्यार्थ्यांस अधिक स्पष्ट होईल.