शिक्षा सुनावली त्या दुपारी

पोलिस धरायला आले, झटापट झाली, खटला चालला आणि शिक्षा लागली. वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावात कुणाच्या घरी असं घडलं की माणसं आधी ओळखीपाळखी शोधत फिरतात. तसं करू नका. पहिलं काम त्याच दुपारी, त्याच कोर्टात असतं. खटल्यात आरोपी जामिनावर असेल आणि कैद तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांकडेच अर्ज द्या : अपील करायचं आहे, तोवर जामीन द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०, म्हणजे जुन्या कायद्यातलं ३८९. निकालाच्या तारखेला जामीनदार सातबारा आणि आधार कार्ड घेऊन कोर्टात बसलेला हवा. तो गावात राहिला आणि कोर्ट उठलं, तर रात्र तुरुंगात जाते.

मग निकालपत्र. कैद झालेल्याला त्याची प्रत लगेच आणि फुकट मिळते, मागून घ्या. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात प्रत हाती न आल्याचं सांगणाऱ्या कैद्याचं अपील चार वर्षांहून जास्त रखडलं होतं. प्रत देणं आणि गरीब कैद्याला वकील देणं हा हक्कच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावलं. साक्षींच्या नकलेसाठीही अर्ज टाका. नकलेच्या मागच्या बाजूला अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात, म्हणून तो कागद जपा.

पुलगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर अपील वर्ध्याच्या सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. सत्र न्यायालयाने दिली असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, ६० दिवसांत. उशीर झालाच तर माफीचा अर्ज सोबत जोडा, खरं कारण लिहा.

अपिलाचे मुद्दे साक्षींतून निघतात. एका पोलिसाने 'हात झटकला' म्हटलं, दुसऱ्याने 'ढकललं' म्हटलं, तर ते दोन शब्द वकिलाला अधोरेखित करून दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ला (जुनं ३५३) हल्ला किंवा बळाचा वापर सिद्ध व्हावा लागतो; नुसती बाचाबाची पुरत नाही. कलम २२१ (जुनं १८६) लावलं असेल तर संबंधित अधिकाऱ्याची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाची लेखी तक्रार थेट कोर्टाकडे गेली होती का, ते तपासा. ती नसेल तर त्या कलमाची दखलच घेता येत नाही. जखमेचा दाखला, स्वतंत्र पंच, अटकेची वेळ हेही पाहा.

अपील केलं तर शिक्षा वाढेल, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. आरोपीच्या अपिलात सत्र न्यायालयाला शिक्षा वाढवता येत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन लावा; महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातून अधीक्षकांमार्फतही अपील देता येतं.

खालच्या कोर्टाचा जामीन थोड्याच दिवसांचा असतो. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज द्या, आदेश झाला की त्याची नक्कल घ्या, आणि जामिनाची मुदत संपायच्या आत ती पुलगावला दाखल करा.