बहिरेपणा आणि एक प्रथिन

जन्मतः बहिरे असलेले मूल बोलू शकत नाही, याचे कारण बहुधा जिभेत नसून कानात असते. अंतर्कर्णात ध्वनिलहरींचे विद्युत्संदेशांत रूपांतर होते. त्यासाठी आवश्यक पोटॅशियमची पेशीपेशींतून ने-आण करणाऱ्या सूक्ष्म मार्गिका 'कोनेक्सिन २६' या प्रथिनाच्या असतात. त्याच्या जनुकातील दोष आनुवंशिक बहिरेपणाचे एक प्रमुख कारण असल्याचे १९९७ पासून ज्ञात आहे. बहुधा हा दोष माता व पिता दोघांकडूनही आला तरच मूल बहिरे होते. दोघांनाही मात्र उत्तम ऐकू येत असते. म्हणूनच केवळ मातेला दोष देणे अशास्त्रीय होय.

मानवी कानातून हे प्रथिन अभ्यासापुरते मिळविणे दुष्कर असते. म्हणून मानवी जनुक अन्य सजीवांच्या पेशींत घालून ते तयार करवून घेतात. मधुमेहींसाठीचे मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून मिळते, ते याच तत्त्वावर. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कीटकपेशींत बनविलेल्या कोनेक्सिन २६ ची त्रिमितीय रचना उलगडली. असे प्रथिन औषध नव्हे. दोष कसा घडतो हे जाणण्याचे ते साधन आहे.

संशोधनाला वेळ लागतो. वाचा फुटण्याची वर्षे मात्र थांबत नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड असो वा अन्य कोणतेही खेडे, बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल किंवा वर्षाचे होऊनही एकही शब्द उच्चारत नसेल, तर 'उशिरा बोलेल' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात. अशा बालकाची नोंद पथकाकडे वेळीच पोहोचविणे, हे शिक्षक आणि पंचायत सदस्यांच्या हाती आहे.