यमुना, कौतिक आणि पार्वती : तीन कादंबऱ्यांतील व्यक्तिचित्रण

मागील वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गास 'पाचोळा'तील पार्वतीचे स्वभावचित्र घरून लिहून आणावयास सांगितले होते. बहुतेक वह्यांत एकच वाक्य आढळले : 'पार्वती ही सोशिक, कष्टाळू व पतिनिष्ठ भारतीय स्त्रीचे प्रतीक आहे.' वाक्य गाईडातले होते, हे सांगावयास नकोच. वडोद बाजारकडून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतही ते होते; पण त्याखाली तिने पेन्सिलीने लिहिले होते, 'सर, तिनं सोसलं का तिला सोसावं लागलं?' मी वहीवर खूण केली, गुण दिले आणि पुढची वही ओढली. प्रश्न तसाच राहिला. यंदा ती वर्गात नाही. तिचे लग्न झाले आणि शिक्षण थांबले. त्या वेळी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ. विषय आणि आशयसूत्र यांत आपले विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. 'विधवेचे दुःख' हा विषय झाला. त्या दुःखाकडे कादंबरी कोठून पाहते, त्याचे कारण कोठे शोधते आणि वाचकाला काय विचारावयास लावते, हे तिचे आशयसूत्र. दुसरी गोष्ट पात्रांची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार मांडले. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येते. गोलाकार पात्र मात्र आपल्याला चकित करते, आणि तरीही ते खरे वाटते. आता गाईडातील ते वाक्य पुन्हा वाचावे. बोराडे यांनी गोलाकार घडविलेली पार्वती आपण एका वाक्यात सपाट करून टाकतो, हे लक्षात येईल.

यमुना

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी 1890 पासून त्यांच्याच 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. काळ ध्यानात घ्यावयास हवा. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 साली सुरू झाले होते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रणे माजली होती. स्त्रियांच्या प्रश्नावर सारे बोलत होते, परंतु बोलणारे बहुतेक पुरुष होते. अशा वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या आपट्यांनी कथा सांगण्याचे काम खुद्द यमुनेकडे सोपविले.

यमुनेचे लहानपण, भावावरील माया, सासरचा जाच, रघुनाथरावांसारखा सुधारक विचारांचा पती, मुंबईतील थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि शंकर मामंजींच्या हट्टापायी जबरदस्तीने झालेले केशवपन, हा कथाभाग सर्वांस ठाऊक आहे. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की यमुना आपली कहाणी सांगू शकते, कारण पतीच्या प्रोत्साहनाने ती वाचू-लिहू लागलेली आहे. तिची मैत्रीण दुर्गी हिचे दुःख काही कमी नाही; पण ते आपल्यापर्यंत यमुनेच्या तोंडून येते. अक्षरओळख हा या कादंबरीतला केवळ सुधारणेचा मुद्दा नाही. निवेदनाचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. म्हणून यमुनेला 'सोशिक' म्हणताना जपावे. तिने सोसले हे खरेच, पण आपण काय सोसले आणि ते कोणामुळे, हे तिला नेमके कळते. कादंबरीच्या नावातील प्रश्न हाच तिचा स्वभाव आहे.

कौतिक

उद्धव शेळके यांची 'धग' 1960 साली आली. पुणे-मुंबईचे मध्यमवर्गीय घर मागे पडले आणि वऱ्हाडातील एका शिंपी कुटुंबाचे दारिद्र्य पुढे आले. पती महादेव कामाला नेट न लावणारा, पुढे महारोगाने ग्रासलेला. घर उभे ठेवण्यासाठी राबते ती कौतिक.

यमुनेवर दुःख बाहेरून कोसळते. कौतिक मात्र स्वतः निर्णय घेते, भांडते, मुलांसाठी आशा धरते; आणि तिने उचललेले प्रत्येक पाऊल तिला अधिकच खोलात नेते. अशा पात्राला 'सोशिक' म्हणणे साफ चुकीचे आहे. सोशिक माणूस वाट पाहतो, कौतिक वाट काढू पाहते. पण एक फरक नोंदवावा. संवाद अस्सल वऱ्हाडी असले तरी कथा लेखक सांगतो. कौतिकला आपण पाहतो, तिच्या तोंडून तिची कहाणी ऐकत नाही. जिला दिवसभर काम आहे, तिला कहाणी सांगावयास सवड कोठून असणार?

पार्वती

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. रा. रं. बोराडे (1940–2025) लातूर जिल्ह्यातले. आमच्या फुलंब्रीपासून जवळच असलेल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देवगिरी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. त्यांची 'पाचोळा' 1971 साली प्रसिद्ध झाली. योगायोग असा, की हेही कुटुंब शिंप्याचेच. गंगाराम शिंपी, त्याची बायको पार्वती आणि मुलगा भारत. गंगारामचा ताठा, गावातील बड्या माणसाशी पडलेले वैर आणि बाप-लेकांतला ताण यांत हा संसार वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखा उडून जातो.

ही कथा पार्वती सांगते. ग्रामीण कादंबरीत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, अशी वाटणी बरीच रूढ होती. बोराडे यांनी निवेदनही मराठवाडी बोलीत केले. वडोद बाजार, आळंद, गणोरी येथून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ती भाषा परकी वाटत नाही, हा या कादंबरीच्या अभ्यासातील मोठाच लाभ होय. घरी आपण जी भाषा बोलतो तीत एवढे सांगता येते, हे त्यांना येथे कळते.

पार्वती यमुनेप्रमाणे 'मी' म्हणून बोलते, पण बोलते ती प्रामुख्याने नवऱ्याविषयी. वरवर पाहता ही पतिनिष्ठा. बारकाईने वाचले की निराळेच दिसते. गंगारामचा कारागीर म्हणून असलेला अभिमान तिला कळतो आणि त्याचा हेकेखोरपणाही कळतो. दोहोंतील सीमारेषा ती ओळखते. संकट येताना तिला दिसते. अर्थात, घरातील सर्वांत डोळस माणूस तीच आहे, पण निर्णयाच्या वेळी तिच्या शब्दाला वजन नाही. जे गंगारामला ऐकावयाचे नाही, ते ती आपल्याला सांगते. सारी कादंबरी म्हणजे घरात कोणी न ऐकलेले बोलणे आहे. आपट्यांनी 1890 साली नावातच विचारलेला प्रश्न येथे ऐंशी वर्षांनी खेड्यातल्या एका बाईच्या घरात पुन्हा उभा राहतो.

एक आक्षेप येथे घेता येईल. या तिन्ही स्त्रिया पुरुष लेखकांनी निर्माण केल्या आहेत. आक्षेप योग्य आहे, आणि विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, तो जरूर घ्यावा. कोठे पात्र बोलते आणि कोठे लेखक त्याच्या तोंडी शब्द घालतो, हे तपासावे. त्यासाठी 1934 पासून प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986) ही आत्मकथने शेजारी ठेवून वाचावीत. स्त्री स्वतः लेखणी धरते तेव्हा तिच्या बोलण्यात थट्टा येते, राग येतो, स्वतःच्या चुकांची कबुलीही येते. गाईडातील 'प्रतीका'ला यांपैकी काहीच करता येत नाही.

तेव्हा यापुढे स्वभावचित्र लिहिताना विशेषणांची यादी करू नये. प्रथम पाहावे, कथा कोण सांगते आहे. मग पाहावे, या पात्राला काय हवे आहे आणि आड कोण येते. शेवटी पाहावे, पात्राला जे कळते ते ऐकणारे कादंबरीत कोणी आहे काय. ही तीन उत्तरे कादंबरीतील प्रसंगांच्या आधाराने लिहिली, तर आशयसूत्र वेगळे शोधावे लागणार नाही.

आता त्या पेन्सिलीच्या ओळीकडे वळतो. 'तिनं सोसलं का तिला सोसावं लागलं?' माझे उत्तर असे : तिला सोसावे लागले. पण सोसताना तिने डोळे मिटले नाहीत, आणि जे पाहिले ते सांगितले. तिचा स्वभाव या सांगण्यात आहे. 'सोशिक' हा शब्द तिच्या परिस्थितीचे वर्णन करतो, तिचे नव्हे. आणि तो शब्द बहुधा न ऐकणाऱ्यांनीच वापरलेला असतो. त्या वहीत प्रश्नापुढे कोरी जागा सोडून पुढे जाणाऱ्या शिक्षकासही हे लागू आहे. हा अंक तिच्या गावच्या मुलींबरोबर तिच्यापर्यंत पोहोचवावा, अशी माझी इच्छा आहे.